जुनी स्पोर्ट्स कार : किंमत उतरते, दुरुस्तीचा खर्च उतरत नाही

जुन्या मोटारींच्या बाजारात एक विलक्षण गोष्ट पाहावयास मिळते. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू किंवा कोची येथे नव्या कोऱ्या एसयूव्हीच्या किमतीत दहा-बारा वर्षे वापरलेली पोर्शे, ऑडी टीटी किंवा बीएमडब्ल्यू झेड-४ विक्रीस असते. एकेकाळी जिची किंमत ऐकूनच माणूस विषय बदलत असे, ती गाडी आता वाहन कर्जाच्या आवाक्यात आलेली असते. रंग चकचकीत, आसने चामड्याची, किलोमीटर जेमतेम पंचवीस-तीस हजार. खरेदीदाराच्या मनात साहजिकच तुलना सुरू होते, आणि त्या तुलनेत एसयूव्ही बिचारी फारच सामान्य ठरते.

किमतीपुरती ही तुलना खोटी नाही. परंतु दोन्ही गाड्यांचे इंजिन उघडण्याची वेळ आली, की त्या दोन वेगळ्या जगांतल्या वस्तू असल्याचे ध्यानात येते. जुन्या गाडीची किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते आणि वर्षागणिक खाली येते. तिच्या सुट्या भागाची किंमत मात्र कंपनीच्या दरपत्रकावर ठरते. आणि ते दरपत्रक गाडी कोणी कितीला घेतली याची दखल घेत नाही. ऐंशी लाखांना नवी घेतलेली गाडी बावीस लाखांवर आली, तरी तिचा पिस्टन, तिची क्लच प्लेट आणि तिचा पाण्याचा पंप ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहतात. इंजिनाच्या नऊ लाखांच्या कामाचा बोजा पहिल्या मालकावर किमतीच्या अकरा टक्क्यांच्या आसपास पडला असता. तिसऱ्या मालकावर तोच चाळीस टक्क्यांहून अधिक पडतो.

याला आणखी काही कारणे आहेत. आपल्याकडील बहुतेक स्पोर्ट्स कार परदेशातून पूर्ण बांधलेल्या स्वरूपात येतात. रस्त्यावर त्यांची संख्या इतकी थोडी, की मारुती किंवा ह्युंदाईच्या भागांसारखा पर्यायी भागांचा देशी बाजार त्यांच्याभोवती उभा राहत नाही. भाग मागवावा लागतो, त्यावर सीमाशुल्क भरावे लागते आणि वस्तू व सेवा कर वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवरील हा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हा थोडासा दिलासा. मजुरीचेही तसेच. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये इंजिन आसनांच्या मागे किंवा थेट मागील चाकांवर बसविलेले असते. साध्या गाडीत बॉनेट उघडून दोन तासांत होणारे काम येथे गाडी लिफ्टवर घेऊन, गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन खाली उतरवून करावे लागते.

एका बेअरिंगची हकिकत

इंजिनातील लहानसा दोष केवढा खर्च अंगावर आणू शकतो, याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण पोर्शेचे आहे. १९९६ च्या अखेरीस आलेली बॉक्स्टर आणि १९९७ मध्ये आलेली ९११ ची ‘९९६’ ही आवृत्ती यांच्यासाठी कंपनीने पाण्याने थंड होणारे नवे सहा सिलिंडरचे इंजिन तयार केले. या इंजिनाच्या पोटात एक मधला दांडा असतो. क्रँकशाफ्टची गती घेऊन ती साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टपर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम. कॅमशाफ्टच्या तालावर व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. या मधल्या दांड्याचे एक टोक एका बंदिस्त बॉल बेअरिंगवर फिरते.

त्या बेअरिंगच्या आत कारखान्यात भरलेले ग्रीस असते. काळाच्या ओघात त्याचे सील कडक होते, इंजिनातील तापलेले व दूषित ऑइल आत झिरपते, ग्रीस धुऊन निघते. मात्र पुरेसे ताजे ऑइल आत खेळत नाही. बेअरिंग कोरडे पडून झिजते आणि एके दिवशी तुटते. दांडा जागेवरून हलला, की साखळीचा ताल चुकतो, उघडा राहिलेला व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतो आणि काही सेकंदांत संपूर्ण इंजिन निकामी होते. मुठीत मावेल एवढ्या भागाने इंजिन घालविले, असा हा प्रकार.

सर्वच गाड्यांत हे घडते असे मात्र नाही, आणि खरेदीदाराला उपयोगी पडणारा तपशील येथेच आहे. प्रारंभीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन ओळी असलेले बेअरिंग होते. पुढे साधारण २००० ते २००५ या काळात एकाच ओळीचे बसविले गेले. अमेरिकेत ग्राहकांनी यावरून सामूहिक दावा दाखल केला. त्यात पुढे आलेल्या आकड्यांनुसार निकामी होण्याचे प्रमाण दुहेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये शेकडा एकाच्या आसपास, तर एकेरी ओळीच्या बेअरिंगमध्ये शेकडा आठच्या आसपास होते. २०१३ मध्ये या दाव्यात तडजोड झाली. ती मे २००१ ते फेब्रुवारी २००५ या काळात बनलेल्या आणि अमेरिकेतील ग्राहकांकडे असलेल्या गाड्यांपुरती होती. भारतातील मालकाला तिचा काही लाभ नाही. २००६ नंतरच्या गाड्यांत मोठे व अधिक टिकाऊ बेअरिंग आले, पण ते इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय काढता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून जे नवे इंजिन आले, त्यात हा मधला दांडाच नाही. त्या काळातील ९११ टर्बो आणि जीटी-३ यांची इंजिने मुळातच वेगळ्या घडणीची असल्यामुळे तीही या दोषापासून मुक्त आहेत. सारांश, बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीत ही चिंता आहे आणि दुसरीत नाही. मॉडेलचे वर्ष माहीत असणे हे रंग आवडण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

बेअरिंग आधीच बदलता येते. ते गिअरबॉक्सच्या बाजूस असते, म्हणून क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरलेलाच असतो त्याच वेळी हे काम उरकून घेणे शहाणपणाचे. मजुरी एकदाच पडते. नव्या इंजिनाच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ म्हणावा असा आहे. म्हणूनच अशा गाडीच्या सेवानोंदीत ‘बेअरिंग बदलले’ ही एक ओळ बिलासह सापडली, तर तिच्यासाठी खरेदीदाराने लाखभर रुपये अधिक मोजले तरी तो व्यवहार महाग नव्हे.

अशी उदाहरणे इतर कंपन्यांचीही आहेत. बीएमडब्ल्यूने २००१ ते २००३ च्या एम-३ गाड्यांतील कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे बदलण्याची मोहीम हाती घेतली होती आणि अमेरिकेत या इंजिनाची हमी सहा वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढविली होती. माझदाने आरएक्स-८ या गाडीच्या रोटरी इंजिनाची हमी तेथेच आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत नेली. कंपनी स्वखुशीने हमी वाढविते तेव्हा दुखणे कोठे आहे हे तिनेच सांगितलेले असते. आता ती हमी केव्हाच संपली. दुखणे तेवढे तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे वारसाहक्काने आले.

धूर, आवाज आणि पिवळा दिवा

बिघाडाची भीषणता आणि त्याचा खर्च यांचे नाते सरळ नसते. पोर्शेच्या याच इंजिनांत ऑइलची वाफ वेगळी करणारा एक भाग असतो. त्याचा पडदा फाटला, की गाडी सुरू करताच मागून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. शेजारीपाजारी धावत यावेत असे ते दृश्य असते. प्रत्यक्षात तो भाग बदलला, की काम होते. याउलट, इंजिन गार असताना येणारी बारीक टकटक, सायलेन्सरच्या दोन तोंडांपैकी एकावरच जमणारी काजळी आणि हळूहळू वाढणारी ऑइलची भूक ही लक्षणे कोणाच्या नजरेतही भरत नाहीत. पण ती सिलिंडरच्या आतील भिंतीवर ओरखडे पडल्याची असू शकतात आणि तसे असेल तर इंजिन पूर्ण उघडावे लागते. धूर पाहून घाबरलेल्या ग्राहकाला ‘इंजिन गेले’ असे सांगून मोकळे होणारी गॅरेजेस आहेत आणि टकटक ऐकून ‘या गाड्यांचा आवाज असाच असतो’ म्हणणारे विक्रेतेही आहेत. दोन्ही ठिकाणी उपाय एकच : स्पार्क प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा घालून सिलिंडरची भिंत प्रत्यक्ष पाहणे.

लहान खर्च टाळल्याने मोठा खर्च ओढवतो, याची उदाहरणे तर रोजची आहेत. इग्निशन कॉइलला तडा गेला, की इंजिन एका सिलिंडरवर अडखळते आणि डॅशबोर्डवरील पिवळा दिवा लुकलुकू लागतो. कॉइल बदलणे हे काही हजारांचे काम. परंतु तशीच गाडी चालवीत राहिल्यास न जळालेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग वितळतो. त्याचा खर्च लाखांत जातो. बॉक्स्टर व ९११ यांचे रेडिएटर पुढील बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात. त्यांच्या जाळीत सुकलेली पाने, कचरा आणि पावसाळ्यातील चिखल साचतो, तो ओलावा धरून ठेवतो व रेडिएटर कुजतो. वर्षातून एकदा बंपर काढून तो कचरा उपसणे हे कोणत्याही हुशार मेकॅनिकला जमणारे काम आहे. ते कोणी करीत नाही, आणि मे महिन्यातल्या रहदारीत इंजिन तापल्यावर सारेच आश्चर्य करतात.

ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला किंवा तापमानाचा काटा वर गेला, तर गाडी जागीच बंद करावी आणि टो करून न्यावी. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ या विचाराने पार केलेले ते दोन किलोमीटर अनेक इंजिनांचे अखेरचे ठरले आहेत.

इंजिन ऑइलविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक इंजिनाचे ऑइल ठरलेले असते. त्या काळातील बीएमडब्ल्यू एम-३ साठी कंपनीने १० डब्ल्यू-६० या जाड प्रतीचे ऑइल ठरविले होते. कोपऱ्यावरच्या गॅरेजात ते नसते, म्हणून जे असेल ते भरले जाते. आरएक्स-८ चे रोटरी इंजिन तर घडणीनेच थोडे थोडे ऑइल जाळते. तेथे ऑइल कमी होणे हा दोष नसून ते वेळोवेळी न भरणे हा दोष. ऑइल बदलताना जुना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे कण आहेत का हे पाहण्याची पद्धत चांगली आहे. यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि बेअरिंग झिजू लागल्याची वर्दी कित्येकदा महिने आधी मिळते.

इंधनाचाही विचार हवा. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि नंतर देशभर पसरले. त्याआधीच्या पिढीतील पुष्कळशा गाड्यांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचेच मिश्रण चालेल असे लिहिलेले असते. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी भरून ठेवण्याआधी पुस्तिकेतील ते पान वाचावे आणि इंधनाच्या नळ्या तपासून घ्याव्यात.

कमी किलोमीटरचे आकर्षण

‘फार चालली नाही’ हा जाहिरातीतील सर्वांत आवडता शब्दप्रयोग. रोज ये-जा करणाऱ्या साध्या गाडीला तो निकष ठीक लागू पडतो. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो दुधारी आहे. वर्षाकाठी हजार किलोमीटर चालणारी गाडी उरलेला सारा काळ उभी असते. ऑइल बदलले जात नाही, त्यात ओलावा व आम्ल साठते, सील सुकतात, नळ्या कडक होतात. वर सांगितलेले बेअरिंग उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अधिक लवकर जाते, असे ही इंजिने उघडणाऱ्या कारागिरांचे मत आहे. साठ हजार किलोमीटर नियमित चाललेली आणि दरवर्षी ऑइल बदललेली गाडी ही वीस हजारांवर थबकलेल्या गाडीपेक्षा बहुधा बरी.

शिवाय तो आकडा खरा असेलच असे नाही. तो पडताळण्याचा एक सुंदर मार्ग उपलब्ध आहे. अनेक आधुनिक स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा संगणक ते इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद ठेवतो. पोर्शेमध्ये तर मर्यादेपेक्षा अधिक वेगाने इंजिन किती वेळा फिरविले गेले, याचीही नोंद सापडते. कंपनीच्या उपकरणावर हा आकडा पाहून किलोमीटरला तासांनी भागावे. समजा, मीटरवर २८,००० किलोमीटर आणि संगणकात ९०० तास. म्हणजे सरासरी वेग ताशी ३१ किलोमीटर. भारतीय शहरांत हे पटण्याजोगे आहे. तेच तास ३,५०० निघाले, तर सरासरी ताशी ८ किलोमीटर होते. बेंगळुरूच्या रहदारीलाही एवढा दोष देता येणार नाही. मीटर मागे फिरविल्याचा संशय तेथे घ्यावा.

अशी तपासणी अधिकृत विक्रेत्याकडे किंवा त्या कंपनीच्या गाड्या रोज हाताळणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे करून घ्यावी. विक्रेत्याने सुचविलेल्या गॅरेजात करू नये, हे सांगावयास नकोच. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी. परगावची गाडी असेल तर ती पुरात सापडली होती का, याचीही चौकशी करावी. पुराचे पाणी लागलेल्या गाड्या वर्षभराने दूरच्या राज्यात विक्रीला येतात.

येथे बँकेच्या मूल्यांकनाविषयीचा एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँक गाडीचे मूल्यांकन करवून घेते. मूल्यांकनकार कागदपत्रे, सांगाड्याचा क्रमांक, अपघाताच्या खुणा आणि बाजारभाव पाहतो. तो इंजिनाच्या आत डोकावत नाही. ते त्याचे कामही नाही. ‘बँकेने कर्ज दिले, म्हणजे गाडी चांगलीच असणार’ हा निष्कर्ष चुकीचा आहे. मूल्यांकन अहवाल कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असतो. कायदाही खरेदीदाराला फारसा आधार देत नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमानुसार वस्तूचा दर्जा पारखण्याची जबाबदारी काही अपवाद सोडता खरेदीदाराचीच आहे. खासगी व्यक्तीकडून ‘आहे त्या स्थितीत’ घेतलेल्या गाडीचे इंजिन पुढच्याच महिन्यात गेले, तर विक्रेत्याने दोष जाणूनबुजून लपविला हे सिद्ध करणे सोपे नसते.

विमा कोठे थांबतो

इंजिन गेले की पहिली धाव विमा कंपनीकडे असते आणि बहुधा तेथे निराशा होते. मोटार विम्याच्या सर्वसमावेशक पॉलिसीत अपघात, आग, चोरी, पूर अशा आकस्मिक घटनांचे नुकसान मिळते. झीज, घसारा, यांत्रिक वा विद्युत बिघाड आणि परिणामस्वरूप होणारे नुकसान त्यात स्पष्टपणे वगळलेले असते. बेअरिंग तुटणे हा यांत्रिक बिघाड. त्याचा दावा मिळत नाही.

‘इंजिन संरक्षण’ या नावाने मिळणारे जोड संरक्षण घेतले म्हणजे प्रश्न सुटला असेही अनेकांना वाटते. ते मुख्यतः इंजिनात पाणी शिरल्याने किंवा खालून आघात होऊन ऑइल गळाल्याने होणाऱ्या नुकसानीसाठी असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ पॉलिसीत हे परिणामस्वरूप नुकसान ठरते. बेंगळुरूच्या सप्टेंबर २०२२ मधील पुरात महागड्या मोटारी घरांच्या आवारातच बुडाल्या होत्या. जमिनीलगत हवा ओढणाऱ्या स्पोर्ट्स कारसाठी हे जोड संरक्षण घेणे आवश्यकच आहे. मात्र ते झिजेवरचे औषध नव्हे, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी मुद्दाम पुन्हा सुरू केली असेल तर तेथेही वाद उद्भवतो. गाडीच्या वयानुसार अनेक कंपन्या ते देतच नाहीत, म्हणून खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

आणखी एक बाब. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमित मूल्य मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, की गाडी संपूर्ण नुकसानीत धरली जाते. हप्ता वाचविण्यासाठी विमित मूल्य कमी लावून घेणाऱ्या मालकाची, सुट्या भागांच्या किमती पाहता, साध्या अपघातातही गाडी हातची जाऊ शकते. शिवाय पाच ते दहा वर्षे वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के घसारा कापला जातो.

दुरुस्त करावी की विकावी

समजा, एका व्यावसायिकाने बावीस लाखांना अशी गाडी घेतली. सात लाख स्वतःचे आणि पंधरा लाख कर्ज. पाच वर्षांची मुदत, व्याजदर १२ टक्के. हप्ता ३३,३६७ रुपये. दीड वर्षाने इंजिन गेले. त्या वेळी सुमारे ११ लाख ४० हजार रुपये कर्ज शिल्लक आहे. चालू स्थितीत गाडीला १८ लाख आले असते. बंद अवस्थेत सुटे भाग विकणारा व्यापारी सहा लाख देतो. दुरुस्तीचा अंदाज नऊ लाख.

अशा वेळी मालक बहुधा दोन चुकीच्या आकड्यांकडे पाहतो. एक म्हणजे मूळचे बावीस लाख, आणि दुसरा म्हणजे शिल्लक कर्ज. पहिली रक्कम खर्ची पडली आहे. ती कोणत्याही निर्णयाने परत येत नाही. कर्ज तर दोन्ही पर्यायांत फेडायचेच आहे. निर्णयाला उपयोगी असा आकडा एकच : चालू गाडीचे १८ लाख वजा बंद गाडीचे सहा लाख, म्हणजे १२ लाख. दुरुस्ती १२ लाखांच्या आत, आणि तीही बऱ्यापैकी आत होत असेल, तर करावी. पलीकडे जात असेल तर आहे तशी विकावी. नऊ लाखांच्या अंदाजाने दुरुस्ती केल्यास कर्ज वजा जाता हा मालक २ लाख ४० हजारांनी मागे राहतो, न करता विकल्यास ५ लाख ४० हजारांनी. फरक तीन लाखांचा. हे तीन लाख इंजिन उघडल्यावर आणखी काय निघते त्यासाठीची जागा आहे, आणि इंजिन उघडल्यावर आणखी काही निघाले नाही असे क्वचितच घडते. भाग परदेशातून येईपर्यंत जाणारे महिने आणि तोवरचा विमा हेही त्यातूनच वजा करावयाचे.

बंद गाडी विकण्यातही एक अडचण आहे. ती बँकेकडे तारण असते. कर्ज फिटल्याशिवाय ना हरकत प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणजेच सहा लाखांत विकण्यासाठी आधी ५ लाख ४० हजार खिशातून घालावे लागतात.

दुरुस्तीचा पैसा कोठून आणावा, हा पुढचा प्रश्न. वाहन कर्ज खरेदीसाठी असते. क्रेडिट कार्डावर असे बिल भरून ते महिनोन् महिने फिरवीत ठेवणे हा सर्वांत महाग मार्ग. वैयक्तिक कर्ज त्याहून स्वस्त, आणि मुदत ठेवीवरील कर्ज बहुधा सर्वांत स्वस्त, कारण त्याचा दर ठेवीच्या दराहून साधारणतः एक-दोन टक्केच अधिक असतो. गाडी घेतानाच तिच्या नावाने वेगळी आवर्ती ठेव सुरू करणारे ग्राहकही आहेत. महिना पंधरा हजार धरले, तरी दोन वर्षांत व्याजाखेरीज ३ लाख ६० हजार जमतात. ज्याला हप्ता आणि ही ठेव दोन्ही एकदम झेपत नाहीत, त्याला ती गाडी झेपत नाही, असे म्हणण्यास हरकत नाही.

इंजिन उघडण्यापूर्वी

गॅरेजला ‘बघा आणि करा’ असे सांगून किल्ली देणे हा वादाचा आरंभ असतो. निदान आणि दुरुस्ती ही दोन स्वतंत्र कामे समजावीत. इंजिन उतरवून उघडण्याची मजुरी किती, ती दुरुस्ती न केल्यास पूर्ण द्यावी लागेल काय, आणि गाडी उभी ठेवण्याचे दिवसाचे भाडे किती, हे आधी लेखी घ्यावे. अंदाजपत्रकात प्रत्येक भागाचा क्रमांक मागावा. हे क्रमांक जगभर सारखे असतात, त्यामुळे मूळ किंमत ताडून पाहता येते आणि सीमाशुल्क व कर धरून सांगितलेला भाव वाजवी आहे की नाही हे कळते. काढलेले जुने भाग परत मागावेत. ठरलेल्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढ होणार असेल तर लेखी संमतीशिवाय काम पुढे नेऊ नये, अशी अट घालणारे ग्राहक गॅरेजवाल्यांना आवडत नाहीत. पण त्यांची बिले नेमकी येतात.

काही वेळा दुरुस्तीऐवजी वापरलेले दुसरे इंजिन बसविणे स्वस्त पडते. परदेशातील अपघातग्रस्त गाड्यांतून अशी इंजिने येतात. तेथे इंजिनाचा क्रमांक, आयातीची सीमाशुल्क कागदपत्रे आणि पक्के बिल यांवाचून व्यवहार करू नये. बसविण्यापूर्वी त्या इंजिनाचीही कॅमेऱ्याने तपासणी करून घ्यावी आणि बेअरिंगसारखी ज्ञात दुखणी ते बाहेर असतानाच दुरुस्त करावीत. नंतर नवा क्रमांक प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्रावर आणि विमा कंपनीत पॉलिसीवर चढवून घ्यावा लागतो. गाडी तारण असल्यास बँकेला आधी लेखी कळवावे. हे राहून गेले, तर पुढे अपघात झाल्यावर सर्वेक्षक कागदावरचा क्रमांक एक आणि इंजिनावरचा दुसरा पाहून दावा रोखून धरतो, आणि गाडी विकताना हस्तांतरणही अडते.